राक्षसाच्या दारात काढलेले बूट

मुलगी पुण्याची नोकरी सोडून आली त्या दिवशी ती बूट घालूनच घरात शिरली. दोन्ही हातांत बॅगा, पाठीवर कॉम्प्युटर, मान खाली. बैठकीतून स्वयंपाकघर, तिथून जिना, जिन्यावरून वरची खोली. आमचे हे बैठकीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, तिची पाठ पाहिली आणि पेपर पुन्हा वर केला. मी नुकतीच फरशी पुसून उठले होते. मला आधी त्या ठशांचा राग आला, मुलगी आल्याचा आनंद जरा उशिरा झाला.

नोकरी सोडली होती ती गेम बनवायला. मोबाईलवर पोरं गोळ्या फोडत बसतात तसला नाही, मोठा गेम. त्यात आपण कुणीतरी व्हायचं, तलवार घ्यायची, गावोगाव हिंडायचं, लोकांची कामं करायची आणि सरतेशेवटी जंगलापलीकडच्या राक्षसाला जाऊन मारायचं. असा गेम खेळून संपवायला आठवडे लागतात म्हणे. बनवायला किती लागतात ते आम्ही पाहतच होतो. तिच्या दोन मैत्रिणी होत्या, एक चित्रं काढायची, दुसरी संगीत करायची, दोघी आपापल्या गावाहून. बाकी सगळं हिच्या डोक्यावर.

आमचं हे गाव हिंदी मुलखातलं. ह्यांची सगळी नोकरी इथल्या संरक्षण कारखान्यात गेली. तिथे भोंगा वाजला की काम सुरू, भोंगा वाजला की बंद. वरच्या खोलीत पोरगी दिवसभर बसून नक्की काय करून राहिली, हे त्यांना समजत नव्हतं, आणि विचारायचा त्यांचा स्वभाव नाही. "दिवाळीपर्यंत बघ," एवढंच म्हणाले. "नाही जमलं तर पुण्याला हो म्हणून टाक." पुण्याची कंपनी तिला परत घ्यायला तयार होती. तिनेही मान डोलावली. पण एकदा परत गेली की ती या कामाला पुन्हा हात लावणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कारण तिचा स्वभाव माझ्यावर गेला आहे.

बापलेकीचं भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, निदान आवाज तरी आला असता. ती जेवायला खाली यायची, हे वर कधी गेलेच नाहीत. शेजारच्या भाभीजींनी चौकशी केली की म्हणायचे, "ती सध्या घरीच आहे." ती जिन्यात असली तर तिला ते ऐकू जायचं. मग बैठकीतून हाक यायची, "पाणी!" आणि मी पाणी नेऊन द्यायची. स्वतःच्या हाताने पाणी घेणं ह्यांच्या कारखान्याच्या नियमांत बसत नसावं.

मी एकदा तिला विचारलं, की बाई, असे गेम तर ढिगाने असतील, तुझाच लोकांनी काहून खेळावा? झालं. जिन्यावर बसून तिने मला तासभर शिकवलं. आपला माणूस आपल्याला घडवता आला पाहिजे, नाक, केस, आवाज, सगळं. रस्ता एकच नको. कुणाला मारायचं आणि कुणाला सोडायचं ते खेळणाऱ्याच्या हातात हवं, आणि सोडलेला माणूस पुढे कुठेतरी भेटायला हवा. कोपऱ्याकोपऱ्यांत काहीतरी लपवलेलं हवं. असल्या गेमचे चाहते म्हणजे वेगळीच जात. कुठल्याशा जुन्या गेममधला घोडा मेला म्हणून वर्षानुवर्षं हळहळणारे लोक आहेत, हेही तेव्हाच कळलं. मी म्हटलं, अरे देवा! ती म्हणाली, "हसू नको, मीही रडले होते."

श्रावणात एका सकाळी ती खाली आली.

"आई, तुला गेम खेळायचा आहे."

"मला पोळ्या लाटायच्या आहेत."

"तू जन्मात कधी खेळली नाहीस, म्हणूनच तू पाहिजे. मी मागे बसून राहीन, एक शब्द बोलणार नाही. तू कुठे अडते तेवढंच पाहायचं आहे."

माझ्यासाठी तिने ओमतीच्या बाजारातून वेगळा कंट्रोलर आणला होता, दोन्ही हातांत धरायचा, बटणंच बटणं. मी शाळेत शिकवून रिटायर झालेली बाई. परीक्षेत पोरांच्या मागे उभं राहण्यात माझा जन्म गेला, माझ्या मागे कधी कुणी बसलं नव्हतं. पण चला, म्हटलं, पोरीसाठी हेही करू. मी एक जाडजूड बाई निवडली, पांढऱ्या वेणीची. अशी निवडता येते हे मला आवडलं.

पडत-धडपडत एका गावात पोचले. पहिलं घर आलं. मी दाराशी थांबले आणि बटणं दाबत बसले. मागे मुलगी सुस्कारे टाकत होती, पण शब्दाला जागून गप्प होती. शेवटी सापडलं. झोळी उघडली, आपल्या बाईच्या अंगावर काय काय आहे ते दिसलं. त्यातले बूट काढले आणि आत गेले. आत चुलीपाशी एक म्हातारी. ती म्हणाली, "मुसाफ़िर, जंगल में अँधेरा जाग उठा है." तेवढ्यात कोपऱ्यातून विंचू आला, चावला, आणि माझी बाई मेली.

"आई, बूट काहून काढले?"

"काहून म्हणजे? घरात जाऊन राहिले ना मी!"

"अगं, बुटांनी पाय वाचतो. आत विंचू आहे."

"घरात विंचू आहे तर त्या बाईने सांगायला नको?"

ती पोट धरून हसली. मी पुन्हा खेळले, म्हातारीकडे या वेळी बूट घालूनच गेले, पण दुसऱ्या घरापाशी पुन्हा काढले, पुन्हा मेले. आता मात्र ती चिडली. "तू मुद्दाम करून राहिली, आई!" मग मीही चिडले. म्हटलं, "तुझी ती म्हातारी नुसती भिंत आहे, भिंत! चिखलाचे बूट घेऊन तिच्या चुलीपर्यंत गेले तरी तेच बोलते, अनवाणी गेले तरी तेच बोलते. मी आलेली तिला कळतच नाही. मग तिच्यासाठी मी जंगलात मरायला काहून जाऊ?"

तिने कॉम्प्युटर उचलला. वर निघून गेली. मला वाटलं, लागलं बोलणं.

मला म्हातारीचा एवढा राग येण्याला कारण होतं. मी पुष्कळ वर्षं मझौली गावातल्या शाळेत होते. मास्तरणीला जनगणनेची ड्यूटी लागायचीच. सकाळपासून घरोघर. माझ्याबरोबरची एक बाई दारातच उभी राहून विचारायची, चपला काढायचा तिला कंटाळा. तिला सगळीकडे एकच उत्तर मिळायचं, "सब ठीक है, दीदी." मी चपला काढून ओसरीवर टेकायची. मग बाज पुढे यायची, पाणी यायचं, आणि घरात कोण आहे, कोण गेलं, कोण रुसून बसलंय, सारं बाहेर यायचं. यात माझं कौतुक काही नाही, माझे पाय दुखायचे म्हणून मी बसायची.

हे मी मुलीला संध्याकाळी सांगितलं. ती ऐकत होती की नाही देव जाणे. पण आठवडाभर ती जेवणापुरतीच खाली आली, आणि मग म्हणाली, "आता खेळ." मी दाराशी बूट काढले. म्हातारीने मान वर केली. म्हणाली, "आओ, बैठो. उस कोने में मत जाना, बिच्छू है." आणि मग आपला मुलगा जंगलात गेला तो परत आला नाही, हे सांगू लागली. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून ऐकत बसले. विंचू मुलीने ठेवलाच होता. म्हणाली, धोकाच नसेल तर बूट काढण्यात काय आहे? मला ते पटलं. एकेका घरासाठी तिने असं वेगळं लिहिलं, आणि बूट काढा असं गेममध्ये कुठेही सांगितलं नाही.

गणपतीच्या सुमारास गेम बाहेर आला. काही झालं नाही. थोड्या लोकांनी घेतला, ठीक आहे म्हणाले. जंगल सुंदर आहे, बाकी सगळं पाहिलेलंच. ती जेवताना फोन उलटा ठेवायला लागली. ह्यांनी एकदा विचारलं, "दिवाळी कधी आहे यंदा?" कॅलेंडर ह्यांच्या डोक्यावरच टांगलेलं होतं. मला इतका संताप आला, की मी आमटीचं भांडं आपटलं.

मग नवरात्रात कुणा एकाचं असं झालं, की तो दुसरे बूट घालायला म्हणून जुने काढून बसला, आणि चुकून तसाच घरात शिरला. म्हातारी बोलली. त्याला वाटलं गेम बिघडला. त्याने तसं लिहिलं, दुसऱ्याने करून पाहिलं, तिसऱ्याने आणखी एक घर शोधलं. आणि मग जे सुरू झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपले बूट काढून त्या गावात हिंडू लागली. कुठल्या दारात काय ऐकायला मिळतं यावर वाद घालू लागली. विंचू चावून मरत होती आणि पुन्हा जात होती. मुलगी मला त्यांचं लिहिलेलं मराठी करून वाचून दाखवायची. एकाने लिहिलं होतं, मी इतके गेम खेळलो, पण मी आलेलो कळतं असं हे पहिलं गाव. एवढं तिने दोनदा वाचलं. मी पदराला हात पुसत राहिले.

मुलगी ज्याला चाहते म्हणायची ते हेच. त्यांना तलवारी लागतात, राक्षस लागतो, सगळं लागतं. पण जीव लागतो तो आपल्या जाण्यायेण्याचा कुणाला तरी फरक पडला की. एवढं साधं आहे, आणि हे माझ्याच घरात दिसत होतं.

दिवाळी तोंडावर आली आणि नवीनच भानगड झाली. एक जण थेट राक्षसाच्या महालापर्यंत पोचला. दारात त्याने बूट काढले. आत गेला. राक्षस नेहमीसारखा गरजला आणि त्याला मारून मोकळा झाला. तो माणूस चिडला नाही. एवढंच म्हणाला, मला वाटलं होतं, यालाही कळेल. झालं, सगळे त्याच्या मागे उभे राहिले. म्हातारीला कळतं आणि ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला त्याला कळत नाही, म्हणजे हे सगळं खोटंच की!

मुलगी हादरली. तिला ते सुचलंच नव्हतं. विश्वास बसलाय तोवर ते नीट करायला पाहिजे, नाहीतर आलेली माणसं जातील, म्हणाली. आणि पुण्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी मी शंकरपाळे तळत होते. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. बैठकीचं दार उघडं, पलीकडे हे आणि त्यांचा पेपर.

"आई, तुला मारायला आलेला माणूस दारात बूट काढून आत आला, तर तू काय म्हणशील?"

मी बरंच सुचवलं. राक्षसाच्या डोळ्यांत पाणी येतं. राक्षस आपली कहाणी सांगतो. तिच्या मैत्रिणींनीही सुचवलं होतं, तो हसतो, तो तलवार टाकतो. तिला काहीच पटेना. "नाटकी होऊन राहिलं सगळं," म्हणाली, आणि डोकं टेबलावर टेकलं.

बैठकीतून आवाज आला, "महाल कोणाचा आहे?"

आम्ही दोघी दाराकडे बघत राहिलो. पेपर तोंडासमोर तसाच.

"राक्षसाचा, बाबा."

"त्याचंच घर ना? मग म्हणेल, आलास? बैस. आधी पाणी पी. मारायचं ते नंतर."

तिने ते जसंच्या तसं टाइप केलं. गेम सगळा हिंदी आणि इंग्रजीत, पण राक्षसाचं हे बोलणं तिने मराठीतच राहू दिलं. पुढे लोक विचारत होते, ही कुठली राक्षसी भाषा? आता ते एकमेकांना निरोप लिहितानाही त्यानेच सुरुवात करतात.

पण तेव्हा तिची बोटं थांबली. ती उठून बैठकीच्या दारात गेली.

"मग मी आले तेव्हा तुम्ही काहून नाही म्हटलं, बाबा?"

कढईतला घाणा करपत होता. मी गॅस बंद केला.

ह्यांनी पेपर खाली केला. त्याची घडी घातली. मग म्हणाले, "तू बूट घालून सरळ वर गेली. थांबली कुठे? मी म्हणणारच होतो. मग रोज वाटायचं, आता काय म्हणायचं."

मला वाटलं, आता ही भडकणार. मी असते तर भडकले असते. ती बैठकीतून बाहेर व्हरांड्यात गेली. पायात घरातल्या सपाता होत्या, त्या तिने काढल्या आणि अनवाणी आत येऊन उभी राहिली.

ह्यांनी शेजारच्या खुर्चीवरचे जुने पेपर उचलले. "आलीस? बैस," म्हणाले. ती बसली. आणि मग हे स्वतः उठले, माझ्या शेजारून गेले, ग्लास कुठे असतात ते शोधत दोन कपाटं उघडली आणि पाणी घेऊन आले.

"बाबा, सोमवारी मी पुण्याला नाही म्हणणार आहे."

"आधी पाणी पी."

फ्रिजमधलं आणलं होतं, गारढोण. तिला गार पाण्याने लगेच घसा धरतो, हे इतक्या वर्षांत त्यांना माहीत नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने सगळं पिऊन टाकलं होतं.