खड्ड्यातला कॅमेरा

रिकामं पोतं टाकवत नाही आणि ठेवायला जागा नसते. माझ्याकडच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक सांगून संपवावा म्हटलं, तर तोवर मागं तीन साठलेले!

धाराशिवात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. शिकलो सातवीपर्यंत, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर वाचलं. "आप्पा, गाभण शेळीला पेंड किती घालू?" हा प्रश्न रोज ऐकून कंटाळलो आणि एकदाच उत्तर लिहून ब्लॉगवर टाकलं. म्हटलं, आता विचारणाऱ्याला लिंक पाठवायची आणि शांत बसायचं.

कसलं शांत! तेव्हा कळलं, आपल्या जिल्ह्यात शेळीवर लिहिणारे आणि व्हिडिओ करणारे डझनभर आहेत. शेळ्या गरीब असतात हो. त्यांच्यावर लिहिणारे नसतात!

*

नळदुर्गचे एक रिटायर मास्तर आहेत. अस्सल उस्मानाबादी शेळीचा कान केवढा असावा, यावर त्यांनी अकरा भागांची लेखमाला लिहिली. तिला दादारावनं वीस सेकंदांच्या व्हिडिओत उत्तर दिलं: "कान बघू नका, वजन बघा!" दादाराव म्हणजे आमचा सगळ्यात मोठा यूट्यूबर. माझं जुनं गिऱ्हाईक. पोरगा मनानं चांगला, पण चिडका.

झालं, पेटलं! एक दिवस दोघंही दुकानात आले, एकाच बाकड्यावर पाठीला पाठ लावून बसले आणि मोबाइलवर एकमेकांना कमेंटा लिहू लागले. समोरासमोर एक शब्द नाही. वर वायफाय माझं!

म्या वायफाय बंद केलं. म्हटलं, "आता तोंडानं भांडा."

दोघंही उठून निघून गेले.

*

एकदा दादारावच्या शेतावर पेंड पोचवायला गेलो. गोठ्यापुढं खड्डा आणि खड्ड्यात गळ्याइतका दादाराव!

"काय रे, पाइपलाइन फुटली का?"

"न्हाय आप्पा, शूटिंग चाललंय."

वर काठावर त्याचा बोकड उभा. खालून फोन धरला की बोकड घोड्याएवढा दिसतो म्हणे! लातूरचं गिऱ्हाईक व्हिडिओ बघून टेम्पो घेऊन यायचं आणि प्रत्यक्ष बोकड बघून रिकामा टेम्पो परत न्यायचं.

माझ्या हाताला खाज सुटली. घरी येऊन त्या बोकडाला मनानंच वजीर नाव ठेवलं आणि 'वजीर बोकडाचं मनोगत' लिहिलं. त्यात वजीर म्हणतो, "मी तसा बुटकाच. पण मालक खड्ड्यात उतरले की माझी उंची वाढते."

*

लेख एवढा फिरला की मीच घाबरलो. पहिला फोन मास्तरांचा. "आप्पा, खड्ड्याचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी तो उंचीसाठी काढलेला नाही, उन्हासाठी काढलाय!"

म्हणजे मास्तरांकडंही खड्डा होता!

मग परंड्याकडून एकाचा, भूमकडून एकाचा. प्रत्येकाला वाटलं, वजीर आपलाच. तुळजापूरच्या सुनीताताई तेवढ्या वेगळ्या. त्या चाळीस शेळ्या सांभाळतात आणि सगळ्यांच्या पोस्टखाली एकेक ओळ लिहितात. त्या रुसल्या. "माझ्यावर कवा लिहिणार? मी काय कमी शेळ्या पाळल्या व्हय?"

*

दादारावनं मात्र माझ्याविरुद्ध व्हिडिओ टाकला. "शेळीपालन हा गंभीर धंदा आहे. इथं चेष्टा चालणार नाही. लेख काढा!"

सवयीनं तो त्याच खड्ड्यात उभं राहून बोलला. मागं आभाळ आणि एक शेपूट.

खाली सुनीताताईंची कमेंट: "दादा, आधी वर या, मग बोला."

*

मास्तर म्हणाले, "लेखाच्या वर लिहून टाका, हा विनोद आहे. भांडण मिटंल." म्या लिहिलं.

दादारावचा फोन. "म्हंजे माझा धंदा तुम्हाला विनोद वाटतो व्हय?"

म्या ती ओळ काढली.

मास्तरांचा फोन. "आप्पा, ओळ काढली? म्हणजे सगळं खरं आहे का?"

बायको म्हणाली, "अवो, लेखच काढून टाका की! एवढी डोकेदुखी कशाला?" पण का काढू? नाव कुणाचं घेतलं नाही. खोटं एक अक्षर नाही. आज खड्ड्याचं काढून टाकलं, उद्या म्हणतील पेंडीचंही लिहू नका. मग ब्लॉगवर काय, हवामान टाकू?

दादारावनं दुकानात यायचं बंद केलं. ते मात्र लागलं मनाला.

*

मग तो बाजाराचा दिवस. दादाराव बोकड घेऊन उभा होता. येणारा प्रत्येक जण आधी बोकडाच्या पायाखाली बघायचा आणि विचारायचा, "खड्डा कुठंय?" हसायचा आणि पुढं जायचा. बोकड तसाच परत न्यायचा हा तिसरा बाजार होता म्हणे. दादाराव नुसता बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत होता. मला बघवंना.

तेवढ्यात चाँदभाई दलालांनी माझं मनगट धरलं. चाळीस वर्षं बाजारात सौदे जुळवणारा माणूस. "आप्पा, लेख काढणार?"

"न्हाय."

"दादाराव, लेख राहिला तर बोकड खपणार?"

"कोण घेतंय आता?"

"मग फैसला साफ हाय. लेख ऱ्हाईल. पर बोकड आप्पा घेतील!"

चारी बाजूंनी मोबाइल वर झाले. चाँदभाईंनी खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही, रुमालाखाली बोटांनी होतो; जेवढी बोटं जास्त, तेवढा भाव जास्त. दादारावनं माझी चार बोटं धरली. म्या दोन सोडवली. त्यानं एक परत धरलं, एवढं दाबलं की डोळ्यांत पाणी आलं! लेखाचा सगळा राग त्या एका बोटावर!

"झाला सौदा!" चाँदभाई ओरडले.

लेख राहिला. बोकड माझा झाला.

*

आता वजीर दुकानात. पोती फाडतो, गिऱ्हाइकाची पिशवी चघळतो, मास्तरांचा चष्मा एकदा थोडक्यात वाचला. विकावा म्हटलं, तर येणारा प्रत्येक जण माझाच वाचक! "आप्पा, तुमीच लिवलंय की बुटका हाय म्हणून." फोटो टाकला तर सुनीताताईंनी खाली लिहिलं, "मांजर छान आहे."

आठ दिवस काढले. नवव्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मागच्या अंगणात टिकाव घेऊन उतरलो. कमरेइतकं खणून झालं होतं. घाम पुसायला थांबलो, तर अंगावर सावली पडली.

काठावर दादाराव. दोन्ही हातांत चहाचे कप. खड्डा नजरेनं मापला. मग एक कप वाकून माझ्या हातात दिला.

"आप्पा, अजून एक वीत जाऊ द्या. आन् फोन आडवा धरा."