दादा शेवटचं कधी बोलले?

"पेशंट शेवटचं नीट कधी बोलले होते?" नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईला आणि मला विचारलं.

सीटी स्कॅन झाला होता. इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन होतं, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यासाठी डॉक्टरांना वेळ हवी होती. आम्हाला ती सांगता येईना.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटायचं नाही. दादा, माझे वडील, जन्मभर तांबटकाम करत आले. जुन्या नाशकातल्या दुकानात सगळे भाऊ मिळून तांब्याचे हंडे ठोकायचे. त्या दणदणाटात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांवर. काम सोडून बरीच वर्षं झाली, सवय काही सुटली नाही. चिमूट हलवली की मीठ कमी. पंजा आडवा फिरवला की पुरे. माझी लेक तर आजोबांशी हातवाऱ्यांनीच भांडायची आणि दोघं पोट धरून हसायची. आई वैतागायची, "अहो, देवानं तोंड दिलंय ना?" की दादा लगेच हात जोडून मोकळे! असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

मी आणि लेक आदल्याच दिवशी इंदिरानगरहून माहेरी आलो होतो. सकाळी दादांनी खुणेनंच अजून अर्धा कप चहा मागितला. पेपर चाळला, नातीला टपली मारली. दुपारी जेवताना हातातून वाटी सुटली आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तेव्हा आम्ही रिक्षा बोलावली. वाचा त्याआधीच गेली होती का, कोण सांगणार?

"रात्री झोपताना म्हणाले, पंखा बारीक कर," आई म्हणाली.

"आणि सकाळी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी चहा मागितला की."

"बोलून?"

आईनं तोंडाला पदर लावला.

"मग वेळ रात्रीपासूनच धरावी लागेल. आता इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो," डॉक्टर म्हणाले. एका घरात, ताटाला ताट लावून बसलो होतो आम्ही!

चौथ्या दिवशी दादा गेले. गुठळी मोठी होती, इंजेक्शननंही काय झालं असतं सांगता येत नाही, असं डॉक्टर आईला खुर्चीत बसवून म्हणाले. त्या गडबडीत ते एवढं थांबले, हे मी विसरणार नाही. पण धक्का अजून ओसरलेला नाही.

तुमच्याही घरात असं कमी बोलणारं माणूस असेल. सकाळी त्याला दोन वाक्यं बोलायला लावा. शब्द अडखळले, तोंड वाकडं झालं, हात गळला, तर तसेच उठा आणि हॉस्पिटल गाठा.

मी आता रोज सकाळी आईला फोन करते.

"रोज उठून काय गं बोलायचं?" ती करवादते.

"काहीही बोल. शिव्या दे हवं तर."

ती देते. शब्दन् शब्द स्पष्ट असतो. मग मी कामाला लागते.