वंदनाचं भिंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या गटातल्या लोकांना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. आत्ता तुम्हाला सांगतानाही मी आधी तुमच्याकडे संशयानंच बघते आहे. हे ऐकून तुम्ही काय कराल? कुणाला जाऊन सांगाल? बघा — सवय जात नाही.

सुरुवात साधी आहे. राणीमुंगी पकडून पाळायचा नाद लागलेलं कुणीतरी नवखं माझ्याकडे येतं आणि विचारतं, सामान काय घेऊ? दहिवलीत माझी तेवढी ओळख झाली आहे. मी सांगते. पोलादी चिमटा नको, राणीचा पाय तुटतो; चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश घ्या. रानात प्लॅस्टिकच्या नळ्या, कारण काच फुटते. घरी काचेच्या, कारण प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि आतलं नीट दिसत नाही. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग दुसरा बोळा, आणि मग अंधार. एक पांढरं ताट ठेवा. पांढऱ्यावर तिच्या कमरेच्या गाठी दिसतात — एक की दोन — ओळख तिथून सुरू होते. पंख गळाल्याच्या खुणा बघा, छाती बघा, राणीची छाती भरदार असते. आणि भिंग. बाकी कशातही काटकसर करा, भिंगात नको.

मग मी भिंग दाखवते. त्याच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. ती बाजू डोळ्याकडे धरायची.

हे सगळं मी माझं म्हणून सांगते. यातलं काहीही माझं नाही.

ते वंदनाचं. वंदना साजगावची, खोपोलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. कर्जतला आमचा निसर्गाची आवड असलेल्यांचा एक गट होता, तिथे आमची गाठ पडली. मी तेव्हा मोठ्या हौसेनं तोंडानं मुंगी ओढायची नळी मागवली होती. ती बघून वंदना हसत सुटली. "मुंगळे ओढणार व्हय ह्यानं? अगं, आम्ल सोडतात ते. घसा जाळून घेशील, मग भाषणं कोण देणार?" सगळे हसले. मीही हसले. पण ते लक्षात ठेवलं — हेही सांगायला हवं ना?

मी पत्रकांत वाढले. पपा चळवळीची पत्रकं वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली, गणितं सोडवली. पुढे मीच पत्रकं लिहू लागले. पत्रकात आपण आणि ते, अशा दोनच बाजू असतात. मधे कुणी उभं असलं तर ते लपून त्यांच्या बाजूचं असतं. हे मला लहानपणापासून पाठ होतं.

त्या पावसाळ्यात गटात कुजबुज सुरू झाली. म्हणे कुणीतरी आपल्या भागातल्या राण्या पकडून शौकिनांना कुरिअरनं विकतं आहे. एक राणी गेली म्हणजे एक अख्खं वारूळ गेलं. विषय खरा होता. आजही खरा आहे. म्हणूनच तर मला लपायला इतकी चांगली जागा मिळाली.

मी वंदनाच्या पिशवीकडे बघायला लागले. एका राणीला एक नळी पुरते — मग हिच्याकडे पिशवीभर कशाला? उत्तर मला ठाऊक होतं. पकडलेल्या राण्यांपैकी बऱ्याच अंडी घालतच नाहीत, काही मरतात, आणि बाकीच्या ती ताटात बघून पुन्हा सोडून द्यायची. माझ्यासमोर सोडायची. पण मी विचार करायचे, माझ्यासमोर सोडते, माझ्या मागे काय करते?

मग एकदा खोपोलीच्या स्टँडवर मी तिला पाहिलं. मोटरसायकलवरच्या एका माणसाला ती नळ्यांचं पाकीट देत होती. तो गेल्यावर मी पुढे झाले. "कोण गं तो?"

"हाय एक. तुला काय करायचंय? लगीन लावून देतेस का माझं?"

ती हसली. त्या हसण्यावरच माझा संशय पक्का झाला. निरपराध माणूस असा हसतो का? असं मी तेव्हा स्वतःला विचारलं होतं. आता वाटतं, दुसरं कोण हसणार?

मी पत्रक लिहिलं. नाव घेतलं नाही. नाव न घेण्यात मी हुशारी समजत होते. शेवटी लिहिलं — "ज्यांचे हात रोज सुईनं रक्त काढतात, त्यांना माती रिकामी करायला कितीसा वेळ?" गटात रक्ताच्या लॅबमध्ये काम करणारी एकच होती. खाली सही — "जागरूक नागरिक". छापून आणलं, घड्या घातल्या, पलंगाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी गटाची बैठक होती.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीसाठी मी तुम्हाला थांबवलं नसतं.

त्या संध्याकाळी वंदना घरी आली. दारातूनच ओरडली, "प्रज्ञे, तुझ्या राणीचं नाव आलं बघ!" राणी बघून जात पक्की सांगता येत नाही, ओळखीच्या खुणा बहुतेक कामकरी मुंग्यांवर बेतलेल्या असतात. माझ्या राणीच्या पहिल्या पिल्लावळीतली एक कामकरी मेली होती. "फेकू नको, मला दे," असं ती म्हणाली होती आणि मी ते विसरूनही गेले होते. ती मुंगी तिनं स्पिरिटमध्ये घातली, तिच्याकडच्या आणखी काही मेलेल्या मुंग्या घेतल्या आणि जात ओळखायला पुण्याला एका कॉलेजातल्या सरांकडे पाठवल्या. मोटरसायकलवाला त्या सरांचा भाचा होता. पाकिटात एकही राणी नव्हती. मला चकित करायचं म्हणून ती स्टँडवर बोलली नव्हती.

हे सगळं ती माझ्या पलंगावर बसून सांगत होती, पाय हलवत. तिची टाच खालच्या गठ्ठ्याला लागली. तिनं वाकून बघितलं. "परत कुणाला झोडपलंस गं?"

मी म्हटलं, "नेहमीचंच."

ती चहा पिऊन गेली. मी गठ्ठा बाहेर काढला. जाळता आला असता. मागे चूल होती, काडेपेटी होती. मी बसून पत्रक पुन्हा वाचलं — आणि शेवटचं वाक्य मला आवडलं. फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मी पत्रकं वाटली नाहीत, एवढंच. खुर्च्यांवर ठेवून दिली आणि मग सगळ्यांसारखीच एक उचलून वाचायला लागले.

वंदना उभी राहिली. "कुणी लिवलंय हे? समोर या की." कुणी आलं नाही. मी तिच्या शेजारीच होते. मी मान हलवली — काय लोक आहेत, अशी.

खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत ती मुलांना मुंग्या दाखवायला जाणार होती. शाळेनं नको म्हणून कळवलं. गटातल्या बायका तिच्या पिशवीत डोकावू लागल्या, जशी मी डोकावले होते. मग एक दिवस तीच पिशवी घेऊन ती माझ्याकडे आली. नळ्या, ब्रश, ताट, भिंग. "घे. माझ्याच्यानं नाय होत आता." भिंगावरचा ठिपका दाखवला. "ही बाजू डोळ्याकडं. उलटं धरलंस तर कडा धूसर दिसतात." आणि दारात वळून म्हणाली, "पत्रक मात्र झकास लिवलं होतं गं कुणीतरी. शेवट तर लईच."

तिला कळलं होतं का? माझं लिहिणं तिनं किती वेळा वाचलं होतं! या एका वाक्यावर मी अजून संशय घेते. ओळखलं होतं, तर भिंग का दिलं? ओळखलं नव्हतं, तर ते का म्हणाली?

मी तेव्हा फक्त "हो ना" म्हटलं.

परवा एक मुलगी आली. एवढ्या नळ्या पुरतील का, म्हणून तिनं पिशवी उघडून दाखवली, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी हेच आलं — हिला एवढ्या कशाला? मग तिनं भिंग उचललं. "ताई, हा ठिपका तुम्ही लावला?" मी हो म्हटलं.

ठिपका वंदनानं लावला. पत्रक मी लिहिलं, आणि ती निर्दोष आहे हे माहीत झाल्यावर खुर्च्यांवर ठेवलं. त्याच्याखाली माझं नाव नव्हतं. याच्याखाली आहे.

— प्रज्ञा, दहिवली