शंभरातले ब्याऐंशी

"एकावरून काय कळतं? नमुना लहान हाय, वहिनी," असं म्हणत सर आंब्याची दुसरी फोड उचलायचे. आमचे शेजारी, गणित शिकवून निवृत्त झालेले. चार फोडी खाल्ल्याशिवाय आंब्याला गोड म्हणायचे नाहीत. असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. एकदा त्यांना म्हटलं, "सर, एक डोळा बिघडला की आमची अख्खी मूर्ती गेली. आम्हाला लहान नमुना पुरतो." ते मनापासून हसले. फार जीव होता माझा त्यांच्यावर.

माझा नवरा रोह्याला कंपनीत. शिफ्ट सुटली की तिथल्या गेम पार्लरमध्ये शिरायचा. बटण दाबलं की चित्रं फिरतात, तीन सारखी आली की पैसे. "जातात तेवढे येतात गो," म्हणायचा. पगार मात्र घरी पोचत नव्हता. शेवटी मी सरांनाच गळ घातली, की मशीन शंभरातले किती परत देतं ते काढून त्याच्यापुढे ठेवा. सरांच्या गणितापुढे तो गप्प बसेल.

सर वही घेऊन गाडीने रोह्याला जाऊ लागले. लोक खेळायचे, हे मागे उभं राहून किती घातले, किती आले ते टिपायचे. महिना झाला, तीन झाले. विचारलं की उत्तर एकच, "नमुना लहान हाय."

मग एक दिवस मीच रोह्याला गेले. काचेतून पाहिलं. सर स्टुलावर बसून बटण दाबत होते आणि माझा नवरा शेजारी उभा राहून वहीत रेघा ओढत होता. मशीनवर ठेवलेलं पाकीट आमचं होतं. ज्यांना त्याला बाहेर काढायला पाठवलं, तेच आत ठाण मांडून बसले होते! मला बघून नवरा चाचरला, "सरांचं मोजून व्हायचंय अजून." सरांनी मान वळवली नाही.

त्या वर्षीच्या गणपतीनंतर सर घर विकून वरसे गावी मुलीकडे गेले. तिथून ते पार्लर चालत जाण्यासारखं आहे. मी निरोपालाही गेले नाही.

जाताना ते वही आमच्या ओट्यावर ठेवून गेले. फाडायलाच घेतली होती. पंधराव्या पानावर त्यांचं फळ्यावरचं सुबक अक्षर दिसलं: "शंभरातले ब्याऐंशी परत. नमुना पुरेसा." खाली तारीख, पहिल्याच आठवड्यातली.

पुढची सगळी वही रेघांनी भरली होती, माझ्या नवऱ्याच्या हातच्या.