बॅगवालीच्या सवयी

बॅगवालीला घबाड सापडलं, हे गल्लीतली लहान पोरंही छातीठोकपणे सांगतात. एका म्हाताऱ्याची सुटकेस दुरुस्तीला आली, तिने अस्तर उसवलं, आत नोटांची पुडकी. म्हातारा तोवर खपलेला. झालं, बॅगवालीने दोन खोल्या घेतल्या. समोरचा स्टेशनरीवाला ही गोष्ट फार रंगवून सांगतो. 'पुडकी'पाशी येताच आवाज खाली आणतो, मान पुढे काढतो आणि दोन्ही हातांनी आकार दाखवतो. पूर्वी तो आकार साबणाच्या वडीएवढा होता. हल्ली उशीएवढा झालाय.

गोष्टीत अडचण एकच. म्हातारा खपलेला नाही. तो दर आठवड्याला बॅगवालीच्या दुकानात येऊन गप्पा मारत बसतो, आणि आपण वारलो हे त्याला स्टेशनरीवाल्याकडूनच कळलं. "त्या सुटकेसमध्ये माझे लोकरी मोजे होते," तो सांगतो. "तेसुद्धा एकाच पायाचे."

बॅगवालीची भाची मात्र एवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. वय सोळा, घरात नाव टेप. एकदा कानावर पडलं की ते तिच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडायचं. एकदा तिने आत्याच्या आवाजात नुसतं "अरे, ऐकतोस का?" म्हटलं, तर तिचा बाप तोंडाला फेस तसाच ठेवून न्हाणीघरातून "आलो ताई" म्हणत बाहेर आला होता.

परीक्षा संपली तशी टेप वही घेऊन आत्याच्या दुकानात ठाण मांडून बसली. दुकान म्हणजे इमारतीच्या जिन्याखालची तिरकी जागा. पुढच्या बाजूला माणूस ताठ उभा राहायचा, मागच्या बाजूला रांगायचा. शिलाईयंत्र, पक्कड, चेनच्या रनरचे डबे, खिळ्यांना टांगलेले पट्टे.

"अस्तरात आजवर काय काय सापडलं ग, आत्या?"

"कवळी."

"कवळी?"

"खालची. माणूस महिनाभर शोधत होता. घरी नेऊन दिली तर म्हणतो, आता नवीची सवय झाली, ठेवा तुम्हालाच."

मग दोन खोल्या आल्या कुठून? टेपने फोनवर श्रीमंत माणसांच्या सवयींवरचे ढीगभर व्हिडिओ पाहिले होते. त्यातली माणसं पहाटे उठायची, गार पाण्याने आंघोळ करायची आणि आरशात बघून स्वतःचं कौतुक करायची. आत्या सात वाजता उठायची, कढत पाण्याशिवाय आंघोळ करायची नाही, आणि तिच्या दुकानात आरसाच नव्हता. तेव्हा टेपने वहीत आत्याच्याच सवयी टिपायला घेतल्या. मनगटात रबरबँड घालते. चहा अर्धाच पिते, उरलेला बशीखाली झाकते आणि विसरते. काम संपल्यावर नाही, काम सुरू करण्याआधी यंत्र पुसते. दर शनिवारी दुपारी दुकान अर्धं ओढून पोस्टात जाते आणि आठवड्याच्या कमाईतला तुकडा आधी तिथे ठेवते, घरखर्च उरल्यातून. हे वीस वर्षं, एकही शनिवार न चुकवता. खोल्यांचं निम्मं कोडं इथेच सुटलं, पण टेपला ते पुरेना. ठेवायला मुळात काही हातात यावं लागतं, आणि या बाईकडे गिऱ्हाईक एवढं का येतं हे काही केल्या कळेना. रबरबँडचा उपाय स्टेशनरीवाल्याने करून पाहिला होता. त्याच्या मनगटावर वळ उठले, बाकी काही नाही.

एक सवय तर धंदा बुडवणारीच होती. बॅग हातात आली की आत्या आधी ती गिऱ्हाइकासमोर रिकामी करायची, मग विचारायची, "यात काय भरता?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प.

"बाई, चेन बसवायची की चौकशी करायची?" एक नोकरदार बाई घड्याळाकडे बघत म्हणाली.

आत्या रिकामी बॅग उलटीपालटी करत राहिली.

"डबा असतो. पाण्याची बाटली. छत्री."

"डबा आडवा की उभा?"

"आडवा मावतच नाही. दामटून उभा घालते."

"मग चेन बरी आहे. डबा मोठा आहे तुमचा. लहान घ्या."

बाई गेली. हातचं काम गेलं. टेपने वहीत लिहिलं, 'ही सवय सोडायला सांगणे.' दुसऱ्या दिवशी तीच बाई नवऱ्याची, सासऱ्यांची आणि पोराची मिळून तीन बॅगा घेऊन हजर. टेपने ती ओळ खोडली, पण पूर्ण नाही.

त्याच आठवड्यात कळलं की इमारतीला लिफ्ट बसणार, जिना हलणार आणि जिन्याखालची जागा तीन महिन्यांत सोडावी लागणार. रस्त्यापलीकडे एक गाळा रिकामा होता, उजेडाचा, ताठ उभं राहता येणारा. पण त्याचं भाडं सुट्या गिऱ्हाइकांवर निघण्यातलं नव्हतं. वर्षभराचं बांधलेलं एखादं काम मिळालं तरच तो झेपणार, नाहीतर आत्याला यंत्र घरी नेऊन बसावं लागणार. घरी कोण चार जिने चढून चेन बसवायला येतंय?

आणि काम चालून आलं. पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामाचे साहेब दहा मोठ्या चौकोनी पाठपिशव्या घेऊन आले. आणखी दहा त्यांनी कोपऱ्यावर बॅगा दुरुस्त करणाऱ्या झटपटवाल्याकडे टाकल्या होत्या. ज्याचं काम महिनाभर टिकेल त्याला वर्षाचं कंत्राट.

"यात काय भरता?" आत्याने विचारलं.

"पार्सलं. पार्सलाच्या पिशवीत आणखी काय भरणार?"

"कशी भरता?"

"मावशी, चेनी गेल्यात, चेनी बसवा. सोमवारी न्यायला येतो."

साहेब गेले. आत्याने दहाही पिशव्या एकीवर एक रचल्या आणि दोन दिवस त्यांना हात लावला नाही. मंगळवारी झटपटवाला आपल्या दहा देऊन झाल्याचं स्वतः येऊन सांगून गेला. तो वळतो न वळतो तोच टेपने त्याला दुकानात परत उभा केला, खांदे उडवत, नाकातून: "आपलं काम म्हणजे कसं, सकाळी घेतलं, संध्याकाळी दिलं. लोकांना वेळ कुठाय, ताई?"

आत्या हसली. पण पिशव्या तशाच.

"आत्या, त्याने दिल्यासुद्धा. गाळा जाईल हातचा."

"जाईल वाटतं?"

"गेलाच समज. पैज लावते."

"लाव. हरणारीने जिंकणारीचं एक दिवस ऐकायचं."

टेपने मनात ठरवूनही टाकलं: दुकान बंद, रबरबँड काढून ठेवायचे, दोघींनी सिनेमाला जायचं.

गुरुवारी सकाळी सातला आत्या घडीचं स्टूल घेऊन गोदामाच्या फाटकासमोर जाऊन बसली. सोबत टेप, जांभया देत. पोरं पिशव्या भरत होती, स्कूटर काढत होती, एकमेकांना शिव्या घालत होती. समोरच्या इमारतीत पार्सलं द्यायला थांबलेला एक उंच पोरगा तर दोघींच्या अगदी पुढ्यात उभा होता. आत्या तासभर टक लावून बघत राहिली आणि उठली.

दुकानात आल्यावर तिने एक पिशवी मांडीवर आडवी घेतली. "दहाच्या दहा डाव्या कोपऱ्यात गेल्यात. उजवा कोपरा नवा कोरा. का?" ती बराच वेळ स्वतःशीच पुटपुटत राहिली. मग म्हणाली, "मघाचा तो उंच. काय काय करत होता, कर बघू."

टेपला एवढंच हवं होतं. तिने पिशवी पाठीला लावली, एक पाय लंगडा ठेवला, तोंडात नसलेलं काहीतरी चघळायला लागली. "हॅलो मॅडम, खाली आहे मी. गेटला. हो, निळं गेट. नंबर आला का? बोला." बोलता बोलता पिशवी पुढे ओढून गुडघ्यावर घेतली, चेन सर्रकन उघडली, पार्सल काढलं.

"थांब," आत्या म्हणाली. "परत कर."

टेपने परत केलं.

"अजून एकदा. हळू. उजवा हात कुठाय?"

टेपने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा होता. "फोनवर. नंबर टाकतोय तो फोनमध्ये."

"आणि चेन?"

"डाव्याने. अशी, तिरकी. वळणावरून हिसका देऊन." टेपचा आवाज हळूहळू तिचा स्वतःचा होत गेला. आपल्या पैजेच्या पायावर आपणच धोंडा पाडतोय हे तिच्या लक्षात आलं, पण उशिरा.

आत्याने नुसती चेन बदलली नाही. प्रत्येक पिशवीला दोन रनर घातले, चेन मधोमध उघडेल अशी केली, म्हणजे कोपऱ्यावरून ओढायची गरजच उरली नाही. रनरना जाड कापडाची बोटभर शेपटी लावली, डाव्या हातालाही सापडावी म्हणून. शुक्रवार, शनिवार, रविवार यंत्र चालू राहिलं. मध्ये फक्त शनिवारचा पोस्टातला अर्धा तास.

महिन्याने साहेब आले ते हातात झटपटवाल्याकडच्या सात पिशव्या घेऊन. चेनी चांगल्या होत्या, शिवण चांगली होती, आणि सातही त्याच डाव्या कोपऱ्यात उसवल्या होत्या. आत्याच्या दहांना काही झालं नव्हतं. "पोरं भांडतात हो मावशी," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "सगळ्यांना मधून उघडणारीच पाहिजे." कंत्राटाचा कागद त्यांनी बरोबरच आणला होता. आत्याने तो दोनदा वाचला, सही केली आणि पलीकडच्या गाळ्याच्या मालकाला फोन लावला. गल्लीत संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की पार्सलाच्या पिशवीत तिला आणखी एक पुडकं सापडलं.

पैजेचं टेपने स्वतःहून काढलं नाही. आत्याने काढलं.

"उद्या दुकानात तू बसायचंस. नऊ ते सात. गिऱ्हाइकांशी तू बोलायचं. माझ्या आवाजात नाही, झटपटवाल्याच्या नाही, कुणाच्याच नाही. तुझ्या."

"एवढंच?" टेप म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला पहिलं गिऱ्हाईक आलं, पट्टा तुटलेली शाळेची बॅग घेतलेल्या एक आजी. आत्या पाठमोरी यंत्र पुसत होती. "कधी देशील ग?" आजींनी विचारलं. टेपच्या जिभेवर आत्याचं ठसक्यातलं 'परवा या' अगदी तयार होतं. तिने ते गिळलं. मग स्टेशनरीवाल्याचा आवाज जिभेवर आला, तोही गिळला. आता मागे कुणाचाच आवाज उरला नाही.

"परवा," ती म्हणाली. आवाज भलताच बारीक निघाला.

"काय म्हणालीस, बाळा? जरा मोठ्याने बोल."

यंत्रावरचं फडकं थांबलं होतं. टेपने घसा खाकरला. सात वाजायला अजून साडेनऊ तास होते.