परत मागितलेली वार

दुधनीजवळच्या त्या घरी मी तान्ह्या बाळाचा वजनकाटा घेऊन गेले, आणि त्या घरात बाळ नव्हतं.

हे मला आधी माहीत असायला हवं होतं. माझं कामच ते होतं. गरोदर बायांच्या तब्येतीवरचं एक मोठं संशोधन तेव्हा तीन-चार जिल्ह्यांत एकाच वेळी चाललं होतं आणि सोलापूरचा सगळा पसारा माझ्या गळ्यात होता. शहरातलं एक इस्पितळ, आणि केम, होटगी, दुधनी या बाजूंची गावं. बाईचं गरोदरपणात तीनदा रक्त घ्यायचं. बाळंतपण झालं की नाळेतलं रक्त आणि वारेचा नखाएवढा तुकडा घ्यायचा. सगळं इवल्याशा नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि दर काही महिन्यांनी बर्फाच्या खोक्यांतून मुख्य केंद्राला पाठवायचं. तिथं ते वर्षानुवर्षं राहणार आणि पुढे कधीतरी कुणीतरी त्यावर अभ्यास करणार.

नळीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. बाईची ओळख कुणाला कळू नये म्हणून हा नियम. नावांची वही वेगळ्या कपाटात, नंबरांची यादी संगणकात. एका नंबराचं मूल मेलेलं जन्मलं हे मी संगणकात वाचलं होतं. त्या दिवशी कुणाच्या घरी जायचं ती नावं मी वहीतून उतरवून घेतली होती. दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघाव्यात असं मला सुचलं नाही. घाई होती. त्या आठवड्याच्या भेटी पुऱ्या व्हायच्या होत्या.

दारात सासू बसली होती, शेंगा फोडत. माझ्या हातातल्या काट्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"काय मोजायला आलाय बाई?"

"बाळाचं वजन," मी हसत म्हणाले. ते हसू मला अजून आठवतं आणि स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटते.

"पोरगं मातीत हाय," सासू म्हणाली. "तितं जाऊन मोजा."

माझ्याबरोबर गावातली आशाताई होती. तिला माहीत होतं. तिला वाटलं, मॅडमलाही माहीत असणार, काही सरकारी सोपस्कार असेल. ती खाली मान घालून उभी राहिली. मी काहीतरी बरळले, माफ करा, चूक झाली, असलंच. सासूनं सूप बाजूला सारलं.

"दवाखान्यात आमी वार मागितली हुती. आमच्यात वार अंगणात पुरत्यात. तुमची ती नर्स म्हनली, टाकली की. पोरगं एकलंच पुरलं आमी. आन् तुमी आता काटा घेऊन आलाय?"

एवढ्यात आतून सून आली. विशी-बाविशीची, हडकलेली. तिचं माहेर सरहद्दीच्या पलीकडचं, तिला कन्नडच नीट यायचं. ती आशाताईशी हळू आवाजात बोलली. आशाताईनं मराठीत सांगितलं, "ती विचारतीय, त्या दिवशी माझ्यातलं काय काय घेतलं?"

मी खोटं बोलू शकले असते. तसं बोलून निघून जाणं सोपं होतं. मी सांगितलं, रक्त घेतलं, नाळेतलं रक्त घेतलं, आणि वारेचा एक लहान तुकडा घेतला. तो अजून आहे. सोलापुरात, बर्फात.

आशाताईनं ते कन्नडमध्ये सांगितलं. त्या बाईनं हात पुढं केला, तळवा वर करून.

"कोडरी," ती म्हणाली. द्या. हा शब्द मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

परत येताना रस्त्यावर मी आशाताईवर तडकले. "तू तिला सुरुवातीला सांगितलं तरी काय होतंस? नमुने साठवून ठेवणार, बाहेर पाठवणार, हे सांगितलं होतंस का?"

ती माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. गप्प बसणारी नव्हती. "बाळासाठी रक्त तपासत्यात म्हणून सांगितलं की. तेवढं लांबलचक कोन ऐकून घेतंय? आन् तुमी तितंच बसला हुता की मॅडम."

बसले होते, हे खरं. त्या बाईच्या ओसरीवर मी संमतीपत्र मराठीत वाचलं होतं, पानभर, सावकाश. आशाताईनं ते कन्नडमध्ये चार वाक्यांत उरकलं. चार वाक्यांत ते मावणार नाही हे मला कळलं होतं. ते कळूनही मी सुई आणि नळ्या बाहेर काढल्या होत्या. म्हणून आशाताईवरचा राग स्टँडपर्यंतसुद्धा टिकला नाही. तो माझ्याच अंगावर आला आणि तिथंच राहिला.

इस्पितळात पोचल्यावर मी दोन्ही याद्या समोर ठेवल्या, तिचा नंबर शोधला आणि फ्रीजर उघडला. खोकी भरून तयार होती, दोन दिवसांत जाणार होती. तिच्या नळ्या बाहेर काढल्या, वेगळ्या डबीत घालून वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि डबीवर पट्टी चिकटवली, "पाठवू नये". मग मुख्य केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. संशोधन त्यांचं होतं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत असू.

"सही आहे ना तिची?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"आहे. कन्नडमध्ये आहे. आणि फॉर्म मराठीत आहे."

"सही आहे म्हणजे विषय संपला. पाठवून द्या."

"सर, तिला परत हवंय. फॉर्मवरच लिहिलंय, कधीही माघार घेता येईल म्हणून."

"माघार घेतली तर पुढचे नमुने घेऊ नका. आहे तो कशाला सोडायचा? अहो, मेलेल्या बाळाची वार किती महत्त्वाची असते, कळतंय का तुम्हाला? बाळं का जातात हेच शोधायला बसलोय ना आपण? चांगल्या बाळंतपणांच्या वारा काय, ढिगानं मिळतात."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि माझा संताप त्यामुळेच जास्त झाला. ज्या बाईचं पोर गेलं तीच त्यांना हवी होती, आणि तिच्यातला तो तुकडा नेमका तिलाच द्यायचा नव्हता.

"मी पाठवणार नाही," मी म्हणाले.

"तुम्ही कोण ठरवणार?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी सगळ्या जिल्ह्यांची ऑनलाइन बैठक होती. दर सोमवारी पडद्यावर तक्ता लागायचा, कुणी किती बाया नोंदवल्या, कुणाच्या किती नळ्या आल्या. सोलापूर बहुतेक वेळा तळाशी असायचं. त्या दिवशी सरांनी तक्ता बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सोलापूरनं एक नमुना अडवून धरलाय. भावनेच्या भरात. अशानं सायन्स होत नसतं." पडद्यावरच्या चौकोनांतले सगळे चेहरे खाली वाकून काहीतरी वाचायला लागले. दुसऱ्या जिल्ह्यात माझंच काम करणाऱ्या एकीनं मला मोबाइलवर लिहिलं, "तुझं बरोबर आहे." मला तिचाही राग आला. बरोबर आहे तर तोंडानं बोल की, एवढे लोक बसलेत.

दोन दिवसांनी मला नोटीस आली. वरिष्ठांच्या आदेशाचं पालन न केल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा लिहिला आणि तोच कागद इस्पितळाच्या नीतिसमितीकडेही दिला. संशोधनात माणसांशी नीट वागलं जातंय का हे बघणारी ही समिती. एरवी चहा-बिस्किटं होऊन सह्या होत. या वेळी सर स्वतः गाडी करून आले.

समितीत एक निवृत्त शाळामास्तरीण होत्या. बाहेरचं कुणीतरी हवं म्हणून घेतलेल्या. आजवर त्यांना फारसं बोलताना मी पाहिलं नव्हतं. त्यांनी संमतीपत्र चष्म्याजवळ धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "ही सही कन्नड आहे. हा कागद तिला कन्नडमध्ये कुणी वाचून दाखवला?"

"कार्यकर्तीनं समजावला," सर म्हणाले.

"तुम्ही तिथं होता?" मास्तरीणबाईंनी मला विचारलं.

"होते. पानभर मजकूर चार वाक्यांत संपला. मला ते कळलं, तरी मी रक्त घेतलं."

"म्हणजे चूक यांचीच आहे," सर ताबडतोब म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "माझी आहे. आणि कन्नड फॉर्म छापून द्या म्हणून मी तुम्हाला दोनदा पत्र लिहिलं होतं, तुम्ही उत्तर दिलं नाहीत, ती तुमची आहे."

पत्रांच्या प्रती मी बरोबर नेल्या होत्या. त्या मी टेबलावर सरांपुढे मांडल्या.

समितीनं ठरवलं ते असं. कन्नड फॉर्म तयार होईपर्यंत सरहद्दीकडच्या गावांत एकही नमुना घ्यायचा नाही. या बाईचं रक्त नष्ट करायचं. वारेचा तुकडा, बाळंतपणानंतर नातेवाइकांना वार देतात तसा, बंद डब्यात घालून सही घेऊन द्यायचा. सर उठून गेले. जिन्यात मला म्हणाले, "एका बाईसाठी तुम्ही शंभर बायांचं नुकसान केलंत."

दुधनीला जायला मला संशोधनाची गाडी मिळाली नाही. मी पॅसेंजरनं गेले, डबा मांडीवर घेऊन. होटगीला एक बाई शेजारी येऊन टेकली. "औषध हाय का वो?" तिनं विचारलं. मी व्हय म्हणाले.

आशाताईनं आधीच निरोप दिला होता, ती स्वतःही आली होती. अंगणात सुनेच्या नवऱ्यानं खड्डा खणून ठेवला होता. मी डबा सासूच्या हातात दिला, तिनं सुनेच्या. सुनेनं तो उघडला. बर्फ वितळून पाणी झालं होतं आणि त्यात ती नळी पडलेली. तिनं नळी उजेडात धरली. नंबराची चिठ्ठी नखानं खरवडून काढायला लागली. ती चिठ्ठी गोठवल्यावरसुद्धा सुटू नये अशी बनवलेली असते, सहजी निघत नव्हती. आम्ही सगळे उभे राहून तिच्या नखाचा आवाज ऐकत होतो. चिठ्ठी निघाल्यावर तिनं माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "इतकंच?"

"इतकंच," मी म्हणाले.

तिनं खड्ड्याकडे पाहिलं. खड्डा चांगला हातभर खोल होता.

"होगरी," ती मला म्हणाली. निघा. आशाताईनं ते मराठीत सांगितलं नाही. मी पाठ फिरवली. नळी पुरली की फोडून आतला तुकडा काढून पुरला, मला माहीत नाही.

माझा करार पुढे वाढवला गेला नाही. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. एका खाजगी दवाखान्यात मला काम मिळालं आणि मी ते सगळं डोक्यातून काढून टाकायचा प्रयत्न केला. वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी आशाताईचा फोन आला. आवाजात नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ती पुन्यांदा गरवार हाय. पाचवा लागलाय. आरोग्य केंद्रात रगताचा थेंब देत न्हाय. डोळं पांढरंफेक पडल्यात. नर्स म्हनती, रगत तपासल्याबिगर गोळ्या कशा ठरवू? मॅडम, हे तुमच्यामुळं हाय."

"तुझ्यामुळं नाही?"

"दोघींमुळं. पर मला ती घरात तरी घेती."

मी सुट्टी टाकून गेले. मी समोर आले तर ती आणखी बिथरेल, म्हणून आशाताईनं मला घरापासून लांब, रस्त्याच्या कडेला पिठाच्या गिरणीजवळ उभं केलं. नर्सनं काय करायचं ते मी तिला शिकवून ठेवलं होतं. बोटाला टोचायचं, फक्त एक थेंब, तपासणी तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याच ओट्यावर. हिमोग्लोबिनचा आकडा तिला वाचून दाखवायचा. आणि मग तपासणीची पट्टी, कापूस, सगळं तिच्या हातात परत द्यायचं. नर्स वैतागली, "असं कुठं असतं का?" मी म्हणाले, "आता इथं असंच असेल."

गिरणीजवळ मी जवळजवळ तासभर उभी होते. पीठ उडून केसांत बसलं. घराकडून आवाज चढत होते, उतरत होते. शेवटी आशाताई रस्त्यावर आली आणि लांबूनच मान हलवली. थेंब दिला होता. जवळ येऊन तिनं सांगितलं, आकडा वाईट होता, पण गोळ्या-इंजेक्शनांनी सावरण्याजोगा. पट्टी आणि कापूस त्या बाईनं मागून घेतले आणि चुलीत घातले.

मी जायला निघाले तेव्हा ती बाई दारात आली होती. आशाताईनं सांगितलं असावं, किंवा तिनं मला आधीच पाहिलं असावं. पोट दिसायला लागलं होतं. मी नमस्कारासाठी हात उचलला. तिनं पाहिलं, आत वळली आणि दार लावून घेतलं. धाडकन नाही, नीट, कडी घालून.

"गोळ्या खाईल का?" मी आशाताईला विचारलं.

"खाईल. मी बघती. तुमी आता येऊ नका."

त्यानंतर मी गेले नाही. तिला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, एवढं आशाताईनं पुढे मोबाइलवर कळवलं, एका ओळीत.