परमिटला लावलेलं कुंकू

बिंगो सुरू होण्याआधी अण्णा लिमये खेळाचं सरकारी परमिट वाचायचे. दर शनिवारी, अथपासून इतिपर्यंत. एडमंटनच्या आमच्या मराठी मंडळाने एका दुकानाचं बेसमेंट भाड्याने घेतलं होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत सगळे कार्ड हातात घेऊन ताटकळलेले, आणि अण्णा भिंतीवरच्या फ्रेमसमोर उभे राहून सांगताहेत की खेळ फक्त सभासदांसाठी आहे आणि खेळ चालवणाऱ्याने स्वतः खेळायचं नाही. "अण्णा, उरकतं घ्या!" असं कुणी ओरडलंच तर म्हणायचे, "परमिट आहे तोवर करमणूक. ते गेलं की जुगार. मग बसा हिवाळाभर घरी एकमेकांची तोंडं बघत." खोटं नव्हतं ते. बेसमेंटचं भाडं बिंगोवरच निघायचं.

अण्णा सरकारी रस्ते खात्यात इंजिनियर. एकटा जीव, आमच्यात सगळ्यांत आधी इथे आलेला. एवढे नियमाचे पक्के, पण कार्ड घेऊन बसले की अगदी लहान मूल व्हायचे. आकडा हुकला की "गेला मेला!" म्हणून मांडीवर थाप मारायचे, आणि लागला की शेजाऱ्याच्या पाठीवर. त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे.

वडील गेले त्या वर्षी मी आईला साताऱ्याहून इकडे आणलं. नवरा आणि मी, आम्ही दोघं दिवसभर कामावर. ती खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायची. महिन्याभरात तिचं बोलणं इतकं कमी झालं की मला भीती वाटायला लागली. शेवटी एका शनिवारी तिला बळेबळेच बिंगोला नेलं. म्हटलं, आपली हौजीच आहे.

"वहिनी, तुमची आई ती माझी आई," अण्णा म्हणाले. "पण आई मेंबर नाही. मेंबर करायचं तर वार्षिक सभा हवी, आणि ती एप्रिलात."

मला असा संताप आला! "एका म्हातारीने कार्ड घेतलं तर कॅनडा बुडणार आहे का, अण्णा?"

 अण्णांनी फ्रेमसमोर जाऊन पुन्हा सगळं वाचलं, आणि हसतच परत आले. "खेळणारा मेंबर हवा, असं लिहिलंय. आकडे सांगणाऱ्याबद्दल काहीच नाही. आई, याल का इकडे?"

आई तारेच्या पिंजऱ्यातून चेंडू काढून आकडे पुकारायला लागली. पहिले दोन पुटपुटली, तिसऱ्याला तिचा साताऱ्याचा आवाज परत आला. त्या रात्री घरी येताना ती गाडीत सारखी बोलत होती आणि मी ऐकत होते.

मग खंडेनवमी आली, तीही शनिवारी. ज्याच्यावर आपलं चालतं त्याची पूजा करायची, हे आईला कुणी सांगायला नको. तिने परमिटच्या काचेला हळदकुंकू लावलं, पिंजऱ्याला लावलं, आणि कुणी मागे राहायला नको म्हणून प्रत्येक चेंडूलाही एकेक बोट टेकवलं. नेमका त्याच शनिवारी, खेळ रंगात आला असताना, लायसन्सवाला इन्स्पेक्टर जिना उतरून खाली आला.

त्याने एक चेंडू उचलला. त्यावर लाल खूण. मग त्याने विचारलं, खुणा केलेल्या चेंडूंनी तुम्ही खेळता? आणि ही बाई ओरडतेय ते चेंडूवरच्या आकड्याशी जुळतंय, हे मी कसं ओळखायचं?

 आईला भाषा कळली नाही, पण आपल्या हातून काहीतरी झालंय हे कळलं. तिने कुंकवाची बोटं पदराआड लपवली.

अण्णा उठले. सगळे चेंडू टेबलावर ओतले आणि इंग्रजीत म्हणाले, "बघा. एकही सुटलेला नाही. त्यांनी आशीर्वाद दिलाय, सगळ्यांना सारखा." इन्स्पेक्टर बराच वेळ चेंडू उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, आधी हे धुवा. आणि प्रत्येक आकडा इंग्रजीत पुन्हा सांगणारा जबाबदार माणूस इथे बसला पाहिजे, कायमचा. नाहीतर या बाई नकोत.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. खेळ सोडून कोण बसणार? अण्णांच्या कार्डावर एकच आकडा राहिला होता. ते कार्ड त्यांनी उपडं ठेवलं आणि खुर्ची ओढून आईशेजारी बसले.

चेंडू धुऊन पुसून खेळ पुढे सुरू झाला. थोड्या वेळाने आई म्हणाली, "एकोणपन्नास!" अण्णांनी त्या उपड्या कार्डाकडे एकदा बघितलं. "फॉर्टी-नाईन," ते म्हणाले. "गेला मेला" हे अगदी हळू, फक्त आईला ऐकू येईल एवढंच.

एप्रिलात आई मेंबर झाली. अण्णांनी स्वतः तिच्यापुढे कार्ड धरलं. "नको बाई," ती म्हणाली, "मला पुकारायलाच आवडतं." अण्णांनी कार्ड परत ठेवलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर ते कधीच खेळले नाहीत. मी एकदा म्हटलं, "अण्णा, दुसरं कुणी बसेल की." तर म्हणाले, "वहिनी, नियम नीट वाचला की त्यात माणसाला जागा सापडते. सापडली की ती सोडायची नसते."

एका जानेवारीत घरासमोरचा बर्फ उपसता उपसता अण्णा गेले.

पुढच्या शनिवारी परमिट मी वाचलं. सगळं वाचलं. कुणी "उरकतं घ्या" म्हणालं नाही. आईने चेंडू काढला. "त्रेसष्ट!" आणि सवयीने शेजारच्या खुर्चीकडे बघून थांबली. ती खुर्ची कुणी हलवली नव्हती.

इंग्रजीत आकडा सांगायला मी पुढे झाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळं बेसमेंटच म्हणालं, "सिक्स्टी-थ्री."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि पुढचा चेंडू काढला.